तात्यांच्या हयातीत काढलेली मिशी

३ नोव्हेंबर, सोमवार

मिशी गेली. शांतपणे लिहायचं ठरवलंय, जमत नाहीये.

सकाळी सगळा बेत जमला होता. सेकंड शिफ्ट, त्यामुळे घाई नाही. मोशीत आज पाण्याचीही कृपा. ब्रश भिजत घातलेला, चंदनाचा साबण, फेस असा आलेला की वाटी उलटी केली तरी सांडला नसता. नवा दातेरी रेझर, पात्याखाली कंगव्यासारखे दाते असलेला, पहिल्यांदाच चालवत होतो. गालावरून पातं फिरताना बारीक खर्र खर्र येतं ना, ते ऐकत राहायचं. तेवढा वेळ कुणी काही मागत नाही, मी कुणाला काही सांगत नाही. माझी चैन एवढीच. घरचे हसतात. हसोत.

तेवढ्यात आईचा फोन. स्पीकरवर टाकला, तिथेच शेण खाल्लं. मागून तात्या ओरडतायत, "सांग त्याला, मी काय त्या टेबलावर झोपत न्हाई. काढा चालू हाय माझा."

छातीतल्या नसा बंद झाल्यात. डॉक्टरांनी बायपाससाठी वीस तारीख दिलीय. आणि आमचे वडील कुठल्या तरी वैदूचा काढा पितायत! "तात्या!" म्हणून असा ओरडलो की हात सटकला. डाव्या मिशीचा कोपरा साफ.

मग सारखी करायला गेलो. उजवी कमी केली तर डावी जास्त दिसायला लागली. कंपनीत क्वालिटीला आहे, पोरांना रोज सांगतो, रीवर्क करता करता पार्ट भंगारात घालू नका. शेवटी नाकाखाली माशी बसल्यागत काहीतरी उरलं. तेही काढलं.

सुनंदा दारात येऊन बघतच राहिली. "अहो, तात्या आहेत ना अजून?"

आहेत. मला माहीत आहे. बाप असेपर्यंत मिशी काढत नाहीत हे बायकोने शिकवायला नको. दार आपटलं.

४ नोव्हेंबर

कंपनीत दिवसभर तेच. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "सर, ओळखलं नाही." लाइनवरचा एक बिहारी पोरगा गंभीर होऊन विचारतो, घर में सब ठीक? एकाने थेट "राव, हिरो दिसताय" केलं. त्याचा पूर्ण लॉट रिजेक्ट केला. लॉट खराबच होता, पण एरवी मी त्याला समजावून सांगितलं असतं.

सु.ला सांगितलंय, गावी बोलायचं नाही. चार दिवसांत खुंट येतील. तोवर आईला व्हिडिओ कॉल नको.

६ नोव्हेंबर

चाकणला तळेगाव चौकात ट्राफिक असा तुंबला की बाइक कडेला लावून चहा घेतला. डोक्यावर कंपनीची टोपी. समोर गावाकडची जीप अडकलेली, आत खंडूअण्णा. तात्यांचे चुलतभाऊ. एरवी मला बघून न बघितल्यासारखं करणारा माणूस. आज त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं, तोंड लांब केलं आणि दोन्ही हात जोडले. मीपण जोडले. जीप गेली.

म्हातारा आज एवढा नम्र कसा, असं वाटलं खरं. पण डोकं ट्राफिकवर तापलेलं होतं.

७ नोव्हेंबर

आईचा फोन. आधी रडणं, मग शिव्या, मग परत रडणं. नीट लावून असं झालं:

तात्या ओट्यावर बसून भाकरी खात होते. आमच्या दारात खंडूअण्णा आले, मागे भावकीतली चार माणसं, पांढऱ्या टोप्या घालून. बायकांनी तर वळणावरूनच गळा काढलेला. तात्या हातातला घास ठेवून उठले. "कोण गेलं रं?"

टोप्या एकमेकींकडे वळल्या. शेवटी खंडूअण्णा म्हणाले, "तू."

रम्याची, म्हणजे माझी, मिशी काढलेली बघितली, डोक्यावर टोपी होती, म्हणजे खाली टक्कलच असणार, असं धरून चालले! खिशात दोन दोन मोबाइल आहेत एकेकाच्या. गावात कुणाची म्हैस व्याली तर दुपारपर्यंत स्टेटसला फोटो असतो. एक फोन करता येत नव्हता? माणूस मेला की नाही एवढं विचारायला?

तात्यांनी फोन घेतला. आवाज अगदी खाली. तो आवाज लहानपणापासून माहीत आहे, त्याच्यापेक्षा ओरडलेले परवडतात.

"मपल्या दारात मपलाच दुखवटा आला. जित्तेपणी पोचवलंस मला. आता तुझी मिशी येऊस्तोवर मी टेबलावर पाय ठेवायचो न्हाई."

कट.

९ नोव्हेंबर, रविवार

गावी जाऊन आलो. तात्या ओट्यावर. त्यांची मिशी अशी की दूध प्यायले की निम्मं मिशीच पिते. माझ्याकडे बघायला तयार नाहीत. सगळं बोलणं आईमार्फत, मी हातभर अंतरावर बसलेलो असताना.

"त्याला म्हणावं, तो फेस फासायचा नाद सोड."

मी म्हणालो, अपघात झाला, तुम्ही फोनवर ओरडला म्हणून झाला.

"त्याला म्हणावं, मी जल्मभर वरडतुया. आधी न्हाई गेली ती मिशी."

ताई माहेरी येऊन बसलीय, ती आणखी शहाणी. "तू तरी कशाला त्या वेळी फोन उचललास?" म्हणजे आईचा फोन उचलायचा नाही. आणि उचलला नसता तर आईचा फोन उचलत नाही म्हणून गावभर बोंब.

डॉक्टरांचं सांगितलं. वीसच्या पुढे ढकलायचं नाही असं ते स्पष्ट म्हणालेत. तात्या नांगी टाकायला तयार नाहीत. येताना मोटरसायकलला किक मारली तेव्हा पाय मुरगळला. तोही राग गाडीवरच काढला.

११ नोव्हेंबर

वस्तरा-ब्रशवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आमचा. तिथे विचारलं, मिशी लवकर यायला काय करावं. सांगवीच्या एकाने त्याच्या अकरा ब्रशांचा फोटो टाकला. दुसरा म्हणतो, दातेरी रेझर नवख्यांनी वापरूच नये. तिसऱ्याने कांद्याचा रस लावायला सांगितला. लावला. कंपनीत कुणी जवळ उभं राहीना. मिशी जिथल्या तिथे.

दाढी मात्र चालू आहे, ओठ सोडून. आज पहिल्यांदा मजा आली नाही. फेस तोच, पातं नवं, तरी हनुवटीवर कापलं. तुरटी लावली, झोंबली, बरं वाटलं.

मला नक्की कशाचा राग येतोय? मिशीसारख्या मिशीसाठी माणूस मरणाला तयार आहे, याचा. आणि सगळं गाव त्यांच्याच बाजूने आहे, याचाही. शिकलेला चुलतभाऊ परवा म्हणतो, "भावा, रीत म्हणून काही असतं ना." रीत! याच माणसाने बापाच्या दहाव्याला मिशी वाचवायला न्हाव्याशी हुज्जत घातली होती.

१३ नोव्हेंबर

सु.ची कल्पना. तिच्या आयब्रो पेन्सिलने खुंटांवरून मिशी रेखून दिली. हसत होती, मी रागावलो तर म्हणाली हलू नका, वाकडी होईल. लांबून खरंच बरी दिसत होती.

हाफ डे टाकून गेलो. तात्यांनी आज बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हिकडं ये." जवळ गेलो. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि माझ्या ओठावरून फिरवला. लहान पोराचं तोंड पुसावं तसा. अंगठा काळा झाला तो मला दाखवला, धोतराला पुसला.

वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

म्हणाले, "लोक रडून गेल्यात रम्या माझ्या नावानं. एकदा रडून झाल्यालं हाय. आता त्या टेबलावर झोपलो आन् त्यांचं खरं झालं तर?"

तात्या घाबरलेत. हे मला माहीतच नव्हतं. बैल अंगावर आला तरी न हललेला माणूस. आणि मी काय केलं? जवळ बसायचं सोडून ओरडलो. "काढ्याने बरे होणार आहात का? मरायचंच असेल तर तसं सांगा!" आई मध्ये पडली. तोंडावर काळं फासलेलं तसंच घेऊन मोशीपर्यंत आलो. टोलनाक्यावर लोक बघून हसले... जाऊ दे.

१५ नोव्हेंबर

आज आईने तोंड उघडलं. ताईने फोनवर सांगितलं, तसं लिहितो.

तात्यांना सकाळी गोठ्यात कळ आली. खाली बसले, घामाघूम. ताई म्हणाली दवाखान्यात चला. तात्यांनी परत मिशीचा विषय काढला, मग मी कसा चुकलो ते काढलं. आईने हातातलं घमेलं टाकलं. "मिशी तुम्हा बापलेकांची हाय, कुकू माझं हाय. मला इचारलं का कुणी? उठा."

उठले.

भावजींच्या गाडीतून निघाले आणि चाकणमध्ये अडकले. मी चिंचवडच्या हॉस्पिटलच्या दारात उभा, ते चौकात उभे. ताई फोनवर सांगतेय, पुढे कंटेनर आडवा झालाय. रोज या रस्त्याला शिव्या देतो, आज शिव्या संपल्या. पोचले शेवटी. ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, आता वीसलाच करू.

तात्या कॉटवर. मी पायाशी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उद्या ऑप. भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या. चांगल्या आहेत, सगळं सांगतात. म्हणाल्या, "आजोबा, श्वासाची नळी तोंडापाशी चिकटपट्टीने धरून ठेवावी लागते. एवढ्या मिशीवर ती बसायची नाही. काढावी लागेल." मला वाटलं, झालं, आता आजोबा घरी चालले.

तात्यांनी मिशीला एकदा पीळ दिला. मग म्हणाले, "बा गेला तवा काढली व्हती. त्याच्यानंतर न्हाई."

थोड्या वेळाने वॉर्डातला माणूस आला. हातात प्लास्टिकचा फेकायचा रेझर. पाणी नाही, साबण नाही. कोरड्या ओठावर, त्या मिशीवर, सरळ ओढायला निघाला! माझं टाळकं सरकलं. तो बिचारा म्हणतो, सर आम्ही सगळ्यांची अशीच करतो. म्हटलं, करत असाल, यांची नाही. सिस्टर आल्या, दिघीच्या मिलिटरी भागात वाढलेल्या असाव्यात, आवाज तसाच. "ओरडू नका. तुम्हाला जमतंय का? मग तुम्ही करा. पण जपून. कापायचं नाही."

सु.ला घरून सामान आणायला लावलं. दातेरी नाही, जुना साधा रेझर. पॅन्ट्रीतून गरम पाणी. आधी कात्रीने मिशी बारीक केली. मग टॉवेल गरम करून ओठावर धरला. तात्यांनी डोळे मिटले.

ब्रश फिरवला तेव्हा एक डोळा उघडला. "बुरुश कशाचा हाय?"

डुकराच्या केसांचा आहे. माळकरी माणूस. "नायलॉनचा," म्हटलं.

"मऊ हाय," म्हणाले.

एवढा फेस कधी कुणासाठी केला नव्हता. वरून खाली, हलक्या हाताने, फक्त केसांच्या दिशेने. उलटं पातं फिरवलं नाही. आई खिडकीत तोंड करून उभी होती. झाल्यावर तात्यांनी ओठावरून हात फिरवला, परत फिरवला. "वारा लागतुय," म्हणाले.

मिशीखाली कधीच ऊन न लागलेली पट्टी, फिकी. वरचा ओठ किती लहान आहे त्यांचा. एवढी वर्षं त्या मिशीला घाबरलो मी.

मग माझ्याकडे बघून, "तुपलीबी आली हाय की जराशी." मी म्हणालो, हो.

बाहेर कॉरिडॉरमध्ये खंडूअण्णा उभे. भेटायला आले होते. साहजिकच आज पांढरी टोपी नव्हती. त्यांना बघून परत डोकं तापलं, पण ते दारातून तात्यांच्या उघड्या ओठाकडे बघून रडायलाच लागले. आता यांना कोण समजावणार. चहा पाजून पाठवून दिलं.

२० नोव्हेंबर

सकाळी आत नेलं. ट्रॉलीवर तात्या एवढेसे दिसत होते. दारापर्यंत गेलो, पुढे येऊ देत नाहीत. जाताना आईला म्हणाले, म्हशीला पाणी कोण पाजणार ते सांगून ठेव. माझा हात धरला होता, दारापाशी सिस्टरने सोडवला.

दुपार झाली. दार उघडतं, दुसऱ्याच कुणाचं नाव घेतात. मी दोनदा विचारायला गेलो. "झालं की सांगू ना!" तो माणूस खेकसला. मीही खेकसलो. आई म्हणाली, बस खाली. बसलो.

आई जपमाळ ओढतेय. ताई झोपलीय बसल्याजागी. माझा हात सारखा ओठावर जातोय. खुंट आता टोचत नाहीत, मऊ व्हायला लागलेत. गावातला प्रत्येक जण ही मिशी यायची वाट बघत होता. आली आता. परत काढायची वेळ माझ्यावर आणू नका तात्या.

दार उघडलंय. आमचंच नाव घेतायत, आणि डॉक्टर हसतायत.