कुंड्यांखालची गाडी

प्रिय अहो,

हसू नका. एकतीस वर्षांत तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही, ती आता पत्रात कुठून जमणार? आणि फोन असताना पत्र कशाला, असंही विचारू नका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही लेकीकडे राहायला गेलात तेव्हापासून फोन केला की लेक स्पीकर लावते, जावई मागून काहीतरी सुचवत असतात, नातीला प्रत्येक वाक्यात स्वतःचं घुसडायचं असतं. त्या गोंधळात मला जे सांगायचंय ते घशातच राहतं. पंधरा दिवसांपूर्वी इथे गाडी चालूच होईना, सगळे दिवे एकदम लागले, हे जावयांनी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही दोनच शब्द बोललात, 'विकून टाका', आणि फोन लेकीच्या हातात दिलात. जावयांचं काम म्हणजे झटपट. त्यांनी लगेच गिऱ्हाईक शोधलं, आजच्या रविवारी बघायला येणार म्हणून कळवलंही.

लेकीने मला वेगळं बाजूला जाऊन सांगितलं की बाबा व्यायाम करत नाहीत. शिकवायला बाई येतात तेव्हा डोळे मिटून पडतात. उजवा गुडघा नव्वद अंशात वाकला तर ब्रेक दाबता येईल, पुन्हा गाडी चालवता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तो सत्तरवर अडलाय आणि तुम्ही म्हणे, आता वाकवून करायचंय काय, असं विचारलंत. ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

मी त्या गाडीला काय काय बोलले, ते मला आठवतंय हो. सव्वीस वर्षं तुम्ही मोठ्या साहेबांची गाडी चालवलीत. निवृत्त झालात आणि तशीच गाडी घरी घेऊन आलात, बारा वर्षं वापरलेली, तीन मालकांच्या हाताखालून गेलेली. फाटकातून आत घेताना अख्खी गल्ली बघायला जमली होती. अंगण केवढं, गाडी केवढी! नाक गॅलरीखाली खुपसल्याशिवाय फाटक लागत नव्हतं. मी म्हटलं, हा पांढरा हत्ती आहे, तोही काळ्या रंगाचा. तुम्ही मागचं डावं दार उघडून धरलंत, कमरेत थोडं वाकलात आणि विचारलंत, मॅडम, कुठे जायचं? मला हसू आवरेना. दार बंद झालं तेव्हा एवढासाच, मऊ आवाज आला. बाहेरचा सगळा कालवा थांबला. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी मला फार भारी वाटलं होतं.

पहिले दोन महिने सुखाचे गेले आणि मग सुरू झालं तिचं नाटक. आज हा दिवा, उद्या तो. काचा आपोआप खाली. एकदा भर दुपारी उभ्या उभ्या हॉर्न वाजायला लागला, तो बंद होईना, शेजारचे आजोबा काठी घेऊन धावले. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली की दोन दिवसांत शहाण्यासारखी वागायची, घरी आणली की पुन्हा तेच. बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, कसले कसले सेन्सर बदलले. माझ्या भाचीच्या लग्नाला निघालो तर चौकातच बसली आणि आपण रिक्षाने, घामाघूम होऊन पोचलो. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले, की जन्मभर दुसऱ्यांची चाकरी केलीत, आता एका गाडीची करा. बोलले आणि जीभ चावली. तुम्ही फक्त रुमालाने घाम पुसलात आणि मला पाणी आणून दिलंत.

तर, गिऱ्हाईक येणार म्हणून कागदपत्रं काढायला मी गाडीत शिरले. तुमच्या सीटवर बसले, पहिल्यांदाच. पुढच्या कप्प्यात कागदांखाली ती निळी वही सापडली. आधी वाटलं पेट्रोलचा हिशोब असेल. तर ती त्या गाडीच्या दुखण्यांची वही! तारीख, काय झालं, कधी झालं, त्या दिवशी ऊन की पाऊस, गाडी कुठे उभी होती. एकाही पानावर चिडचिड नाही. डॉक्टर रोग्याबद्दल लिहितो तसं सगळं. अहो, तुम्ही एवढं सुरेख लिहिता हे मला एकतीस वर्षांत कळू नये?

आणि मग मागच्या वर्षीचं ते पान आलं. ते मी इतक्यांदा वाचलंय की आता पाठ झालंय. 'कारण सापडलं. पुढच्या काचेखाली पन्हळ आहे, तिचं भोक पानांनी आणि मातीने बुजतं. पाणी आत उतरून गालिच्याखाली साचतं, तिथेच सगळ्या वायरींचा डबा आहे. पाणी वरच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं. गाडी उलटी लावून पाहिली, पण मग भिंत आड येते, मॅडमला मागच्या दाराने उतरता येत नाही. तिला सांगायचं नाही. सांगितलं तर कुंड्या काढेल, आणि घरात ऊन फक्त तिथेच आहे. बोटं आखडून तिचं शिवणाचं दुकान बंद झाल्यापासून ती बोलेनाशी झाली होती. कुंड्या आल्या आणि पाणी घालताना गुणगुणायला लागली. गाडीला बोल लागला तर गाडी रुसत नाही.'

मी तिथेच बसून रडले. चार वर्षं मी त्या गाडीच्या नावाने खडे फोडले आणि वरून पाणी ओतत होते मीच! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि तुम्ही! वर्षभर रोज सकाळी मी वर पाणी घालत असताना तुम्ही खाली गुडघे टेकून भोक साफ करत होतात, गालिचा टॉवेलने टिपत होतात. जुने टॉवेल जातात कुठे म्हणून मी धोब्यावर डाफरले, त्याचीही माफी मागायला हवी. वर्षभर गाडी जरा बरी चालली, त्याचं श्रेय मी नव्या बॅटरीला दिलं. तुम्ही दवाखान्यात गेलात, टिपायला कोणी राहिलं नाही, म्हणून ती बंद पडली. आणि हे ठाऊक असूनही तुम्ही म्हणालात, विकून टाका. गाडी गेली तरी चालेल, माझ्या कुंड्या राहाव्यात. गुडघा वयामुळे झिजला असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत बापडे. मला माझं कळलं.

मिस्त्रीला बोलावून जाब विचारला, तर तो डोकं खाजवत बसला. त्याला सगळं माहीत होतं, तुम्ही त्याच्याकडून वचन घेतलं होतंत. वर मलाच सांगतो, वहिनी, एवढ्या वर्षांत असा गाडीवाला पाहिला नाही, गाडी काय म्हणते ते ऐकून घेतो आणि बायकोचंही. मी त्याला चहा दिला आणि कामाला लावलं.

पण कुंड्या मी काढल्या नाहीत. तुम्ही वर्षभर जपलेलं मी एका दुपारी मोडायचं? मी शिवणारी बाई आहे, माप घेतल्याशिवाय कापत नाही. गॅलरीच्या कठड्याची लांबी घेतली, रेनकोटचं जाड कापड आणलं, चार वर्षं झाकून ठेवलेली मशीन उघडली. कुंड्यांखालून कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब झोळी शिवली, एका बाजूला उतार देऊन, खाली बादली. सांधे आखडलेल्या बोटांनी दुहेरी शिवण घालायची म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. पहिल्या दिवशी हातभर शिवण झाली आणि बोटं मिटेनात. दुसऱ्या दिवशी दोन हात. पाचव्या दिवशी झोळी टांगली. आता वरचं पाणी बादलीत आणि बादलीतलं परत कुंड्यांत. मिस्त्रीने गालिचा वाळवला, डबा पुसून बसवला. तेव्हापासून मी रोज किल्ली फिरवते, तुमच्या वहीत तारीख घालते आणि पुढे लिहिते, 'दिवा नाही'. असे सहा दिवस झाले. सातव्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, गिऱ्हाईक आलं. मी त्यांना फाटकातूनच सांगितलं की गाडी विकायची नाही. जावई फुगलेत. त्यांची समजूत तुम्ही काढा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. पुढच्या शनिवारी मी तुम्हाला न्यायला येतेय, आपल्याच गाडीने. मिस्त्री चालवेल. मागचं डावं दार मी उघडून धरणार आहे आणि विचारणार आहे, साहेब, कुठे जायचं? एवढी वर्षं तुम्ही सगळ्यांना मागे बसवलंत, एक दिवस तुम्ही बसून बघा. पण एकच दिवस हं. त्यापुढे मला माझा ड्रायव्हर परत हवाय. सत्तरचे नव्वद करायचे आहेत, वीसच अंश राहिलेत. माझी आखडलेली बोटं तुमच्या गाडीसाठी वळली, तुमचा गुडघा माझ्यासाठी वळू दे. भाचीच्या लग्नाच्या दिवशी बोलले ते शब्द मी परत घेते, आणि या वेळी सगळ्यांसमोर घेईन. गाडीतला रेडिओ त्या पाण्याने गेला, तो अजून बंदच आहे. मिस्त्री नवा बसवू म्हणाला, मी नको म्हटलं. तुम्ही चालवा, मी मागे बसून गुणगुणेन.

तुमचीच,
मॅडम