मावशी झेपत नाही

रविवार, ३ मार्च
चला, एकदाचा घोड्यावर बसलो! घोडा म्हणजे घोडी. नाव मावशी. वय झालेलं, पोट सुटलेलं, डोळे अर्धे मिटलेले. या घोडेस्वारीच्या क्लासातले सगळे नवशिके म्हणे तिच्यावरच शिकतात. मास्तरांनी विचारलं, आधी कधी बसलाय का? म्हटलं, थोडाफार अनुभव आहे. (लहानपणी, बागेत, फोटोपुरता. पण बसलो होतो हे खरं.) मास्तर म्हणाले, हिला टाच मारायची नाही, ही शब्दावर चालते. कोणता शब्द ते नीट ऐकू आलं नाही, हेल्मेटचा पट्टा कानावर होता. परत विचारणं बरं दिसलं नसतं. आज त्यांनीच दोर धरून फिरवलं.
संकल्प: महिन्याभरात दौड. उद्या ऑफिसात सांगून टाकणार.

रविवार, १० मार्च
पडलो.
आज दोर सोडला होता. मावशी उभी, मी शांत. सहज म्हटलं, चला, हवा छान पडलीय. तर ही निघाली! म्हटलं, चल चल, पुरे, थांब आता. तर दुडकी धरली. चुचकारून बघितलं, चल गं बाई, असं काय करतेस? तर चौखूर! मी वाळूत. मी पडल्यावर मात्र लगेच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. नाटकी.
मास्तर रिंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होते. धावत आले, म्हणाले, काय केलंत? म्हटलं, काही नाही, नुसता बसलो होतो. तसं पाहिलं तर खरंच आहे.

मंगळवार, १२ मार्च
कंबर.
बायको शेकत होती. म्हणाली, घोडी म्हातारी आहे ना हो? म्हटलं, वरून म्हातारी, आतून बेफाम. तर म्हणते, तुमच्या तोंडात सारखं चला-चला काय असतं? चहा हवा तरी चला, नको तरी चला! विषय काय, ही बोलते काय. हिला मुद्द्यावर राहताच येत नाही.

रविवार, १७ मार्च
पुन्हा पडलो. वाटेत एक शिकाऊ चिमुरडी उभी होती, थोडक्यात वाचली. तिची आई खवळली. मास्तरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, खरं सांगा, ही नवशिक्याला झेपेल का? म्हटलं, मला अनुभव आहे म्हणून निभावलं, नवशिक्याचं काही खरं नाही.
तोंडातून निघून गेलं. मास्तरांनी मावशीची मान थोपटली. जरा जास्तच झालं का? पण सुरक्षिततेचा प्रश्न आहे. चला, एक जबाबदारी पार पडली.

बुधवार, २० मार्च
मावशीला विकणार. लांबचा कोणी गाडीवाला नेतोय, मालाची गाडी ओढायला. या वयात! मास्तर फोनवर म्हणाले, तुम्ही अनुभवी माणूस, तुमचा शब्द कसा मोडू?
जेवण गेलं नाही. अपराधी-बिपराधी काही वाटत नाहीये. अपचन असणार.

शनिवार, २३ मार्च
निरोपाला गेलो. अर्धा किलो गाजरं नेली. किलोभर न्यायला हवी होती.
मावशी ट्रकच्या फळीवर पाय ठेवेना. ड्रायव्हरने पुढून ओढलं, मागून ढकललं, ती खांबासारखी उभी. मास्तर पाठ फिरवून उभे होते, त्यांना बघवत नव्हतं. मलाही भरून आलं. जवळ गेलो, कपाळावरून हात फिरवला, म्हटलं, चल मावशी, जप स्वतःला.
गुमान फळी चढून आत गेली.
कोणता शब्द ते तेव्हा कळलं. दोन रविवार ती बिचारी माझंच ऐकत होती. थांब म्हणण्याआधी मी दरवेळी चल म्हणत होतो.
ड्रायव्हर म्हणाला, तुमचं बरं ऐकते हो! मास्तर वळले, माझा हात हातात घेतला, म्हणाले, तुमच्यावर हिचा जीव बसला होता. सांगून टाकायला तोंड उघडलं. बाहेर पडलं, चला, निघतो.
मेल्याहून मेल्यासारखं झालंय. लाज वाटते. अपचन नाही हे.

रविवार, २४ मार्च
सकाळी मास्तरांना फोन लावला. सगळं सांगितलं. फोटोचं, हेल्मेटच्या पट्ट्याचं, चलचं. ते म्हणाले, त्या गाडीवाल्याच्या हातापाया पडतो, पण मावशीला आजच परत आणतो. म्हटलं, वा! मग पुढच्या रविवारी मी...
म्हणाले, ती येईल. तुम्ही येऊ नका. नवशिक्यांची तिला सवय आहे हो, पण तुम्ही तिला झेपणार नाही.
फोन हातात धरून तसाच बसून राहिलो. ऑफिसात काय सांगायचं तेही सुचेना. दुपारी आतून बायको म्हणाली, चला, ताटं वाढलीत.
निमूट उठलो आणि चालू लागलो.