सामंतिया खारघरेन्सिस

२१ जून. सकाळी ८.४०
आजपासून रोज पाचला उठून खारघरच्या डोंगरावर जाणार. (आज सहाला उठलो. अलार्मचा दोष.) चढणीवर, कातळाच्या फटीत एक पांढरं फूल! सहा पाकळ्या, मधे पिवळे केसर, गवतासारखी लांब पानं. मोबाइलमधल्या ॲपने तीन वेगवेगळी नावं सांगितली, म्हणजे विज्ञानाला पत्ताच नाही. नवी जात! नावही ठरलं: सामंतिया खारघरेन्सिस.

२२ जून
उठलो नाही. गुडघा.
पुढच्या रविवारी सोसायटीच्या गार्डन कमिटीचा अध्यक्ष निवडायचाय. माझ्याविरुद्ध तिसऱ्या मजल्यावरचा ऋषी. कॉलेजात बॉटनी शिकवतो, म्हणजे पुस्तकी. बँकेतून रिटायर झाल्यापासून लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही. वाईट वाटतं. आता बोलतील.

२४ जून
फुलाभोवती नऊ दगड रचले. पाटी लावली: ‘अतिदुर्मिळ. हात लावू नये. – सामंत, बी-७०२.’ पाड्यावरची वेणूबाई, आमच्या गेटवर रानभाज्या विकते ती, टोपली घेऊन उतरत होती. तिला पाटी वाचून दाखवली तर हसतच सुटली. काहीतरी सांगायला लागली, मी थांबवलं. संशोधनात अडाण्यांची लुडबुड नको.

२६ जून. दुपारी
सुमेधाने चणाडाळ घालून कसलासा पाला केला होता. तीनदा घेतला. म्हणाली, तुमच्या आई कुडाळला दर पावसाळ्यात करायच्या, तुम्ही ताटाबाहेर काढायचात. बायकोची स्मरणशक्ती हल्ली दगा देते. शिवाय माझं लक्ष रविवारच्या भाषणात होतं. फुलाचा फोटो तिला दाखवायचा राहिलाच.

२८ जून
ऋषी म्हणाला, काका, फोटो तरी दाखवा. दाखवला नाही. स्वतःच्या नावावर करायचा. ग्रुपवर मेसेज टाकला: उद्या सकाळी सात, जगातलं एकमेव रोप. एकवीस जण येतायत. इलेक्शन खिशात.

२९ जून. दुपारी
पाटी होती. दगड होते. फूलही होतं. पण आठवडाभराच्या पावसात अख्खा उतार त्याच फुलांनी पांढरा झालेला. पाटीच्या अलीकडे, पलीकडे, लोकांच्या बुटांखालीसुद्धा. मी म्हणालो, संरक्षण दिल्यामुळे पसरलं.
ऋषीने खाली बसून बोटाने माती सरकवली, कंद दाखवले. फोडशी म्हणे. काही जण कुलू म्हणतात. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं, खाली कंद जिवंत राहतो, दर पावसाळ्यात पुन्हा येतं. तेवढ्यात वेणूबाई उगवली. म्हणे, सायबांना तवाच सांगत व्हते, ही भाजी हाय, फूल आला का जून व्हते, मंग कोन खात नाय. ऋषी म्हणाला, काकांमुळे आपण वर तरी आलो. ते जास्त लागलं.
तिथेच हात वर करून मतदान. ऋषी एकवीस, मी एक. सुमेधाही आली होती. विचारलं नाही.

२ जुलै. संध्याकाळी
गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत डोंगर बंद.
गेटवर ही गर्दी! सगळ्यांना तीच भाजी हवी, नाव कोणाला आठवत नाही. वेणूबाई ओरडत होती, सामंतांची भाजी घ्या, सावलीतली, कवळी सामंतांची भाजी!
लिफ्टमध्ये चौघीजणी आपणहून माझ्याशी बोलल्या. डाळ भिजवून घालायची की तशीच, विचारत होत्या.
म्हटलं, सुमेधाला विचारून सांगतो.