ऊर्फ सांसूसी

मी, ओव्हिला पेल्शा ऊर्फ सांसूसी, वय एक्क्याऐंशी, निवृत्त सुतार, राहणार सँ-फिरमँ, क्वेबेक प्रांत, माझी शेवटची इच्छा स्वहस्ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, मागची मेपलची राई आणि पतपेढीतील सर्व शिल्लक माझी एकुलती मुलगी सोलांज हिला. आमच्याकडे हल्ली कायद्याने बाईचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही सुटत नाही. सोलांजला त्या कायद्याचा कधी उपयोग झाला नाही. ती छप्पन्न वर्षांची आहे. घर ही भरपाई आहे असे तिने समजू नये.

२. रंधे, पटाशा, गिरमिटे शेजारच्या मार्गरीतला. मागून नेलेली करवत तिने अजून परत केलेली नाही, तेव्हा निदान संच तरी पुरा होईल.

३. माझा भाऊ अकिलास अमेरिकेतल्या कापडगिरणीत जाऊन ‘पेल्शॉ’ झाला. वर मला विचारतो, “आडनावानं पोट भरतं का रे?” त्याला आमच्या वंशावळीची एक प्रत. दुसरे काहीही नाही.

४. माझ्या एकशे बारा वह्या. चाळीस वर्षे मी चर्चच्या नोंदवह्यांतली लग्ने, बारशी, मर्तिके उतरवून घेतली. तिथे प्रत्येक मुलगी मारी आणि प्रत्येक मुलगा जोसेफ, त्यामुळे माणूस हुडकताना डोळे जातात. त्यात आमच्यापैकी निम्म्यांना पूर्वजांच्या फौजेतले टोपणनाव ‘ऊर्फ’ म्हणून चिकटलेले. एक भाऊ ‘ऊर्फ’च्या आधीचे नाव ठेवतो, दुसरा नंतरचे. “ओव्हिलाला विचारा,” असे गाव म्हणायचे आणि मी फुगायचो.

१९६१ साली रेआल सांसूसीने सोलांजला मागणी घातली. मी वह्या चाळून जाहीर केले की त्याचे आजोबा नार्सिस सांसूसी म्हणजेच तरुणपणी परागंदा झालेले माझे काका नार्सिस पेल्शा. म्हणजे पोरगा-पोरगी एकाच रक्ताची.

रेआल म्हणाला, “त्यात काय एवढं काका? फादर परवानगी देतात की. निम्म्या गावाची लग्नं तशीच लागलीत.”

सोलांज म्हणाली, “मावशीनं चुलतभावाशी लग्न केलं आणि चार पोरं पुरली. मला नाही झेपायचं रे ते.”

तीन आठवड्यांनी पलीकडच्या गावच्या मर्तिकांच्या वहीत मला माझे काका सापडले. नदीतून ओंडके नेताना सोळाव्या वर्षी बुडाले होते, अविवाहित. ‘सांसूसी’, म्हणजे बिनघोर, हे नाव फौजेत एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या कितीतरी शिपायांना होते. मला ते ठाऊक असायला हवे होते.

रेआल खाणीत कामाला निघून जायला अजून पाच दिवस होते. एक वाक्य पुरले असते. पण बायको अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली, आणि सोलांज गेली तर तिचे करणार कोण? मी वही मिटली. बायको सात वर्षांनी गेली. तोवर रेआलचे तिकडे लग्न झाले होते, आणि मी ‘आता कशाला’ म्हणत राहिलो. पहिली चूक होती, नंतरचे पाप आहे.

वही सत्तेचाळिसावी, खूण घातलेले पान, सोलांजने वाचावे. सगळ्या वह्या तिच्या. चुलीत घातल्या तरी माझी हरकत नाही.

५. सोलांज, मी क्षमा मागत नाही. तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. आत्ता तू हाक मारते आहेस, “बाबा, वाटाण्याचं सूप गार होतंय! पुन्हा ऊन करायची नाही मी!” करशील, मला माहीत आहे. मला त्याचीच लाज वाटते.

६. आमच्या कायद्यात साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, सही होताना पाहिली की पुरे. रेआल गेल्या वर्षी विधुर होऊन गावी परतला. त्याला विचारले तर म्हणाला, “करतो की सही. फक्त वाचायला लावू नका काका, चष्मा सापडत नाही.” मजकुरावर मी तळहात ठेवणार आहे.

सँ-फिरमँ, १४ मार्च १९९४

सही: ओव्हिला पेल्शा ऊर्फ सांसूसी

साक्षीदार १: जेर्मेन कोते. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: मेहुणीचा मुलगा.

साक्षीदार २: रेआल सांसूसी. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: काहीही नाही.