मक्याच्या रानातली हाक

कन्हेरीला माझ्या आईस,

अमेरिकेतल्या नेब्रास्का मुलखातनं सोपान तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

मी खुशाल हाय. जेवण वेळेवर मिळतं, थंडी अजून न्हाय. तू गुडघ्याला तेल लावतीस का? कालवड व्याली का?

ज्या पिक्चरच्या शूटिंगला इथं आलोय, त्यो हसायचा हाय. दोघं भाऊ मोडक्या टेम्पोतनं प्लास्टिकचा बैल जत्रंला नेत्यात, एवढीच गोष्ट. आमी सगळी मिळून सहाच माणसं, त्यामुळं आवाज रेकॉर्ड करायचं काम माझ्या एकट्याकडं.

शूटिंग झालं की त्या जागेची नुसती शांतता अर्धं मिनिट रेकॉर्ड करायची असते, नंतर आवाज जोडताना लागती. सगळी जागच्या जागी गप उभी राहत्यात. परवा भर दुपारी मक्याच्या रानात हेडफोनमधनं हाक आली, "सोपाना." आपल्या आबांची. मेंढरं होती तवा माळावरनं मारायचे, तशीच लांबवलेली. आबांना जाऊन तीन महिने झाले, हे ठाऊक असून मी मागं वळून बघितलं.

तूच शिकवलंयस, माणूस दिसत न्हाय तवर पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाय. भूत दोनदाच बोलावतं, तिसरी हाक फक्त जितं माणूस मारतं. म्हणून मी थांबलो. तिसरी आली तवा "ओ आबा" म्हणालो. सगळी हसली, रेकॉर्डिंग वाया गेलं.

नंतर लावून ऐकलं. त्यात वारा हाय आणि माझी ओ हाय.

तू काळजी करू नको. फक्त एवढं कळव. दवाखान्यात शेवटच्या दिवशी, मी तिथं नसताना, आबा मला हाका मारत होते, असं तू म्हणालीस. किती मारल्या?

तुझा,
सोपान