कोऱ्या बंदुकीची झीज

२७ सप्टेंबर, शनिवार

पोचले एकदाची अमेरिकेत, शुगर लँडला! सुवर्णाताई आणि शैलेंद्र भाऊजी दोघंही विमानतळावर घ्यायला आले होते. बाहेर घामाने अंग चिकट होतं आणि गाडीत बसलं की एसीने दातावर दात वाजतात. ताईने वरची खोली माझ्यासाठी लावून ठेवलीय, जेवायला अस्सल नागपुरी गोळाभात केला. भाऊजींनी वाटभर हसवलं. इथल्या मराठी मंडळात म्हणे त्यांच्याशिवाय पान हलत नाही. नोकरी पुढच्या आठवड्यात सुरू होईल, तोवर नुसता आराम. तेलाच्या विहिरींवरचे व्हॉल्व्ह का झिजतात ते शोधायचं, हे माझं काम. निघताना आईने बजावलंय की आसावरी, दुसऱ्याच्या घरी राहायचंय, जिभेला लगाम घाल. घालीन.

२८ सप्टेंबर, रविवार

अभ्यासिकेतल्या कपाटातून भाऊजींनी रायफल काढून दाखवली. मला बंदुकीचं वेड नाही, पण यंत्र म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मागच्या बाजूला इंग्रजी टीच्या आकाराचं चार्जिंग हँडल असतं. ते मागे ओढून सोडलं की आतली स्प्रिंग पुढे झेपावते आणि पहिली गोळी नळीत ढकलते. पुढचं सगळं बंदूक आपलं आपण करते. गोळ्या झाडताना हँडल जागचं हलतसुद्धा नाही. भाऊजी म्हणाले की घराच्या सेफ्टीसाठी घेतली, पण अजून गोळ्याच आणल्या नाहीत, एकही झाडलेली नाही, एकदम कोरी आहे. हँडल मात्र कडांना पार पांढरं पडलं होतं. मी चिडवलं की दुकानदाराने तुम्हाला जुना माल गळ्यात मारला. ते हसले. ताई चहा ठेवते म्हणून उठली, पण चहा काही आला नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हॉलमध्ये पाट मांडून पूजा केली. लॅपटॉप, मिक्सर, गाड्यांच्या किल्ल्या, माझा मायक्रोमीटर आणि भाऊजींच्या हट्टापायी रायफलसुद्धा. हळदीकुंकू लावताना ताईने हात इतक्या घाईने मागे घेतला की ओलं कुंकू थेट हँडलच्या खाचेत ओघळलं. पुसायला गेले, तर भाऊजी म्हणाले राहू दे, आज शस्त्राला हात लावायचा नसतो.

संध्याकाळी ताई आईशी फोनवर बोलत होती. दिवाळीला एकटीच येते म्हणाली, जरा जास्त दिवस राहीन म्हणाली. तेवढ्यात हॉलमधून खटक-खटाक असा आवाज आला. ताईचं वाक्य अर्ध्यावरच तुटलं. मग तिने आईला सांगितलं की यंदा जमणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजा उचलायला गेले, तर खाचेतल्या कुंकवाची लांबलचक रेघ ओढली गेलेली. हँडल पार शेवटपर्यंत मागे आलं होतं. कालच. पूजेत ठेवलेलं असताना.

मग मी कामाला बसते तशी बसले, भिंग घेऊन. आतून बंदूक खरंच कोरी आहे, काजळीचा कण नाही. आणि हँडल? काळा थर उडून आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलंय, हँडल जागी अडकवणाऱ्या खिटीची धार घासून गोल झालीय. गोळ्या झाडून हे होत नाही. हे होतं ते फक्त हाताने. ओढायचं, सोडायचं. पुन्हा ओढायचं, पुन्हा सोडायचं. वर्षानुवर्षं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तो बाहेर गेल्यावर ताईला धरून बसवलं. आधी कानावर हात ठेवले, मग रडली, मग बोलली. तिने नोकरीचं नाव काढलं की तो बाजूच्या खोलीत जाऊन हँडल ओढतो. माहेरचं नाव काढलं की ओढतो. आमटीत मीठ जास्त झालं तरी! तोंडाने चकार शब्द नाही. बाहेर येऊन पुन्हा हसतमुख.

पोलिसांकडे जाऊ म्हटलं, तर म्हणाली, त्यांना काय सांगू गं? आजवर त्याने मला बोट लावलेलं नाही. स्वतःच्या घरात स्वतःच्या बंदुकीचं हँडल ओढणं हा काय गुन्हा आहे? आणि मंडळातले लोक मलाच वेडी ठरवतील.

आजपासून मी त्याला भाऊजी म्हणणार नाही. मेल्याचे हात झडोत.

४ ऑक्टोबर, शनिवार

जिभेचा लगाम तुटला. जेवताना ताईने नुसतं तिकिटांचं विचारलं, तर हा पानावरून उठला आणि अभ्यासिकेत जाऊन खटक-खटाक. मी मागोमाग गेले आणि तोंडावर सांगितलं की तुमची झीज मी वाचलीय. आयुष्यात एक गोळी झाडायची छाती नाही, घरात एक काडतूस नाही, रिकामं लोखंड वाजवून बायकोला भिववता. आता या घरात या खुळखुळ्याला कोणी भिणार नाही!

काय बरं वाटलं म्हणून सांगू.

तो हसला. म्हणाला, पॉइंट आहे तुझा. मग दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या उचलून बाहेर गेला.

ताई माझ्याकडे बघून इतकंच म्हणाली, हे तू काय केलंस?

संध्याकाळी परत आला. हातात छोटीशी पिशवी. ओट्यावर ठेवली तर जड वाजली.

५ ऑक्टोबर, रविवार

भर दुपार. आम्ही दोघी वरच्या बाथरूममध्ये, कडी लावून. ताईला बॅग भरताना पाहिलं त्याने —

पोलिसांना फोन केलाय. निघालेत म्हणे. ताई टबात अंग चोरून बसलीय, मी तिच्यापुढे.

आवाज आला. पण नेहमीचा नाही. खटक — आणि खटाकच्या जागी काहीतरी भरीव. आत काहीतरी जाऊन बसल्यासारखं.

जिन्यात आहे. हाका मारतोय, गोड आवाजात. मला. ताईला नाही.

राग गेला नाही माझा. 

हे लिहायलाच हवं. उद्या तो रडेल, मंडळाला सांगेल की साफ करताना गोळी सुटली, चुकून. कोणी विश्वास ठेवू नका. हे हँडल आपोआप मागे येत नाही. चुकून येत नाही. ते कोणीतरी स्वतःच्या हाताने —