चोविसाव्या जागेकडे बोट

२९ ऑक्टोबर, बुधवार
१. सकाळी सात चाळीसला कागद गिरणीत रुजू झाले. यंत्रांची थरथर आणि तापमान मोजणारे सेन्सर बसवायचे. बिघाड होण्याआधीच पडद्यावर कळतो, यंत्राचं आयुष्य किती उरलं तेही.
२. फोरमन मिझोगुची-सान स्वतः फाटकावर घ्यायला आले. वय त्रेसष्ट. अजूनही लोखंडी सळई कानाला लावून बेअरिंग ऐकतात. मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात. कॅन्टीनमध्ये स्वतःचं क्रोकेट, म्हणजे बटाट्याचं कटलेट, माझ्या ताटात सरकवलं आणि म्हणाले, एवढ्याशा अंगाने पंप काय उघडणार. मला हसू आलं.
३. सेन्सर चोवीस होते. तेवीस बसवले. चोविसावा हातातून सुटून लगद्याच्या हौदात गेला.
४. शेवटी प्रत्येक जागेकडे बोट दाखवून मोठ्याने ‘योशी’ म्हणायचं, म्हणजे ठीक आहे. पलीकडे मिझोगुची-सान आवाजावर विसंबून तक्त्यात खुणा करत होते. चोविसाव्या पंपाच्या उघड्या लोखंडाकडे बोट दाखवून मी ‘योशी’ म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला.

पहिलाच दिवस होता. नवा सेन्सर गुपचूप मागवीन.

३० ऑक्टोबर
चोवीस क्रमांक पडद्यावर चालू दिसतो आहे. सेन्सरचे तुकडे मात्र हौदाच्या चाळणीत सापडले. ते माझ्या खिशात आहेत.

थरथर: मिनिटाला चौसष्ट ठोके. तापमान ३६.४. पंप मिनिटाला दीड हजार फेरे घेतो आणि हात भाजेल इतका तापतो.

उरलेलं आयुष्य: सात दिवस.

३१ ऑक्टोबर
मिझोगुची-सान जिना चढले की चोविसाचे ठोके एकशे दहावर जातात. ते टेकले की उतरतात. तीनदा पडताळलं. त्यांच्या लक्षात आलं. माझ्यासाठी स्थळ बघताय की काय, एवढं न्याहाळताय ते, असं म्हणाले. सगळे हसले.

४ नोव्हेंबर
त्यांना विचारलं, इतक्यात डॉक्टरांना दाखवलंत का. म्हणाले, दरवर्षी तपासणीत काठावर पास होतो, सवय आहे. मग थांबून विचारलं, का हो, तुमच्या पडद्यावर काही दिसलं का?

मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं, तर कुठे दिसलं हेही सांगावं लागलं असतं.

६ नोव्हेंबर
सकाळी १०.२०. पडद्यावर शून्य. ते चोविसाव्या पंपापाशी होते, सळई कानालाच होती. मी त्यांची छाती दाबत राहिले. नंतर त्यांच्या पत्नीने वाकून माझे आभार मानले. म्हणाल्या, आधी कळायला काही मार्गच नव्हता ना.

मीही वाकले.

७ नोव्हेंबर
चोवीस क्रमांक बंद. हायसं वाटलं. त्याचीच लाज वाटते.

१० नोव्हेंबर
चालू. एकाहत्तर ठोके. ३६.६. स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं — एकाहत्तर. धावत जिना चढले — एकशे अठरा.

पाच दिवस.

११ नोव्हेंबर
नवा सेन्सर बसवला. यंत्रणा घेत नाही — जागा आधीच भरलेली आहे म्हणते. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. पंपाकडे बोट दाखवून ‘नाही’ म्हटलं. पुन्हा म्हटलं. पलीकडे खूण पुसायला कोणी —

१२ नोव्हेंबर
चार वाजता हे पत्र मुख्य कार्यालयात, तक्ते मंजूर करणाऱ्या ताकिगावा-सान यांना पाठवणार. आधी इथे उतरवते.

२९ ऑक्टोबरला मी रिकाम्या जागेला ‘योशी’ म्हटलं. तक्त्यातली चोविसावी खूण खोटी आहे. ती फक्त आपल्या सहीने रद्द होते. मिझोगुची-सान जिवंत असताना हे लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. आकडा माझा झाल्यावर लिहिते आहे.

कृपया शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्यावं. शनिवारी मी —